व्याजदर चढत असताना सरकारने खर्च वाढवला, तर स्थैर्य कोण सांभाळते?

प्रश्न दोन भागांचा आहे. महागाई आवरण्यासाठी मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवत असताना सरकारने त्याच काळात तूट वाढवून खर्च केला, तर दोन्ही धोरणे एकमेकांना छेद देत नाहीत का? आणि त्यानंतर एखादी बँक किंवा एखादा बाजार डगमगला की हीच मध्यवर्ती बँक पैसा पुरवायला धावते, मग आदल्या आठवड्यातील दरवाढीला काय अर्थ राहतो? माझी बरीच वर्षे सरकारी रोख्यांच्या व्यवहारात आणि सार्वजनिक कर्जाच्या व्यवस्थापनात गेली, त्यामुळे मी उत्तर रोख्यांच्या बाजूने देतो. चलनविषयक धोरण आणि राजकोषीय धोरण यांची खरी गाठ पडते ती सरकारी रोख्यात, कारण तोच रोखा सरकारचे कर्ज असतो, बँकांची मालमत्ता असतो आणि मध्यवर्ती बँक ज्या तारणावर उसने पैसे देते ते तारणही असतो. दोन धोरणांच्या दिशा वेगळ्या असणे एवढ्यावरून काही बिघडत नाही. एकाच्या निर्णयामुळे दुसऱ्याच्या माथी येणारा बोजा कोणी मोजलेलाच नसतो, तेव्हा बिघडते.

यंत्रणा थोडक्यात सांगून पुढे जातो. मध्यवर्ती बँकेच्या हातात थेट एकच दर असतो, तो म्हणजे बँकांनी एका रात्रीपुरते एकमेकांकडून घ्यायच्या पैशाचा दर. तिथून तो ठेवी, कर्जे, विनिमय दर आणि मालमत्तांच्या किमती यांच्यात झिरपत जातो आणि महागाईवर त्याचा पुरता परिणाम दिसायला सर्वसाधारणपणे वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. सरकारचा खर्च आणि कर मागणीवर थेट परिणाम करतात, पण विधिमंडळाच्या मंजुरीला आणि प्रत्यक्ष अंमलबजावणीला वेळ जातो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. उत्पन्न घटले की कर आपोआप कमी जमा होतो आणि बेकारी भत्त्यासारखा खर्च आपोआप वाढतो. या स्वयंचलित स्थिरकांना कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, म्हणून सौम्य मंदीत सरकारने त्यांच्या आड न येणे हेच बहुतेक वेळा पुरेसे असते.

आता पहिला भाग. दोन धोरणे उघडपणे विरुद्ध दिशांना गेल्याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेचे आहे. पॉल व्होल्कर यांच्या नेतृत्वाखाली फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, ६ ऑक्टोबर १९७९ रोजी आपली कार्यपद्धती बदलली आणि व्याजदर बाजाराला नेतील तिथे जाऊ दिले. १९८१ च्या मध्यावर एका रात्रीचा दर १९ टक्क्यांवर गेला होता. त्याच वर्षी रेगन सरकारने मोठी करकपात केली, संरक्षण खर्च वाढवला आणि १९८३ पर्यंत केंद्रीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ६ टक्क्यांवर पोहोचली. तरीही महागाई उतरली: मार्च १९८० मध्ये १४.८ टक्के असलेला वार्षिक दर १९८३ मध्ये सरासरी सुमारे ३ टक्क्यांवर आला. म्हणजे सरकार तूट वाढवत असतानाही मध्यवर्ती बँक महागाई मोडू शकते. मात्र त्याची किंमत १९८२ च्या अखेरीस १०.८ टक्के बेकारी, अतिशय महाग झालेला डॉलर आणि त्याखाली चिरडलेले निर्यात उद्योग अशी मोजावी लागली. शिवाय या किमतीचा मोठा भाग देशाबाहेरच्यांनी भरला. मेक्सिकोसारख्या देशांनी बदलत्या दराने डॉलरमध्ये कर्जे घेतलेली होती, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने परतफेड करता येत नसल्याचे कळवले, तेव्हा लॅटिन अमेरिकेचे कर्जसंकट सुरू झाले.

व्होल्कर यांच्या धाडसाची गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण हे धाडस परवडले कशामुळे ते फारसे कोणी सांगत नाही. त्या वेळी जनतेच्या हाती असलेले अमेरिकी सरकारचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम एक चतुर्थांश होते आणि ते जवळजवळ सगळे स्वतःच्याच चलनात होते. दर कितीही वाढले तरी सरकार देणे चुकवील असे कोणाला वाटले नाही. हीच दरवाढ कर्जाच्या ओझ्याखालच्या देशात केली तर गणित फिरते.

ते गणित साधे आहे आणि प्रत्येक अर्थमंत्र्याने पाठ करावे असे आहे. समजा, कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या १०० टक्के आहे, त्यावरचे सरासरी व्याज ५ टक्के आहे आणि चालू किमतींनी मोजलेले उत्पन्न ७ टक्क्यांनी वाढते आहे. अशा स्थितीत सरकारने व्याज वगळता दरवर्षी जवळपास १.९ टक्क्यांची तूट ठेवली तरी कर्जाचे प्रमाण वाढत नाही. आता व्याज ८ टक्के झाले आणि वाढ ४ टक्क्यांवर आली असे धरा. तेच प्रमाण जागच्या जागी राखायला सरकारला व्याजापूर्वी सुमारे ३.८ टक्क्यांचे आधिक्य काढावे लागते. दोन्हींतला फरक राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेपाच टक्क्यांहून अधिक आहे, आणि एवढी करवाढ किंवा खर्चकपात मंदीत करून दाखवणारी सरकारे फार थोडी. हा सारा बोजा पहिल्याच दिवशी येत नाही. कर्जाची सरासरी मुदत जितकी लांब, तितका तो सावकाश येतो, कारण जुने रोखे जुन्याच दराने व्याज देत राहतात. म्हणून कर्ज किती आहे याच्या आधी ते किती मुदतीचे, कोणत्या चलनातले आणि स्थिर दराचे की बदलत्या दराचे, हे मी पाहतो.

ब्राझीलने २००२ मध्ये याचा अनुभव घेतला. निवडणुकीच्या तोंडावर गुंतवणूकदारांना नव्या सरकारच्या आर्थिक शिस्तीविषयी शंका आली. देशांतर्गत कर्जाचा मोठा भाग एक तर रात्रीच्या दराशी किंवा डॉलरच्या दराशी बांधलेला होता. दर वाढवावा तर व्याजाचा बोजा लगेच वाढणार, न वाढवावा तर चलन घसरून डॉलरशी बांधलेले कर्ज फुगणार, अशी कोंडी होती. वर्षाच्या सुरुवातीला डॉलरला सव्वादोन रेआलच्या आसपास असलेला विनिमय दर ऑक्टोबरमध्ये चारच्या जवळ गेला आणि वर्षाची महागाई १२.५ टक्के झाली. एरवी व्याजदर वाढला की परदेशी भांडवल आकर्षित होऊन चलन सावरते. इथे उलट भीती अशी होती की वाढलेल्या व्याजाने सरकार दिवाळखोरीकडे ढकलले जाईल, म्हणजे औषधानेच ताप चढेल. कोंडी सुटली ती दोन्ही हातांनी गाठ धरल्यावर. निवडणूक जिंकून आलेल्या लुला यांच्या सरकारने व्याजापूर्वीच्या आधिक्याचे लक्ष्य राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.२५ टक्क्यांपर्यंत वाढवले, मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २००३ मध्ये दर २६.५ टक्क्यांवर नेला, आणि कर्ज फेडले जाईल अशी खात्री बाजाराला पटताच वर्षअखेरीस तोच दर १६.५ टक्क्यांवर आणता आला. माझ्या दृष्टीने या प्रसंगातील निर्णायक निर्णय अर्थखात्याचा होता, मध्यवर्ती बँकेचा नव्हे.

याचाच पुढचा टप्पा म्हणजे मध्यवर्ती बँकेने सरकारच्या सोयीसाठी दर दाबून धरणे, ज्याला अर्थशास्त्रात राजकोषीय वर्चस्व म्हणतात. १९८१ मध्ये थॉमस सार्जंट आणि नील वॉलेस यांनी दाखवून दिले की सरकार कर वाढवायला आणि खर्च कापायला कायमचाच तयार नसेल, तर आज कठोर धोरण राबवून मध्यवर्ती बँक महागाई फक्त पुढे ढकलते. साचलेल्या व्याजासह ते कर्ज शेवटी नोटा छापूनच फिटते. याचे व्यवहारातले रूप त्याआधीच पाहायला मिळाले होते. १९४२ पासून फेडरल रिझर्व्हने युद्धखर्चाच्या सोयीसाठी दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचा परतावा २.५ टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही असे ठरवले होते. युद्ध संपून किंमत-नियंत्रणे उठल्यावर १९४७ मध्ये महागाई १४ टक्क्यांच्या वर गेली तरी ही मर्यादा चालूच राहिली, आणि कोरियातील युद्धाने पुन्हा किमती भडकल्यावर मार्च १९५१ मध्ये अर्थखाते आणि फेडरल रिझर्व्ह यांच्यात समझोता होऊन ती सोडून देण्यात आली. भारतात सरकारच्या रोकडीतील खड्डा आपोआप भरणारी तदर्थ कोषागार देयके, म्हणजे रिझर्व्ह बँकेला दिली जाणारी सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे, १९५५ पासून होती, आणि १९७४ नंतर त्यांचा दर ४.६ टक्क्यांवर गोठलेला होता. ती सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यातील १९९४ च्या करारानंतर टप्प्याटप्प्याने कमी होत एप्रिल १९९७ मध्ये बंद झाली. दोन्ही ठिकाणी बदल साधाच वाटतो: सरकारला लागणारा पैसा आता बाजारातून, बाजारभावाने उचलावा लागेल. पण व्याजदर हे धोरणाचे साधन म्हणून वापरता येणे त्यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झाले.

मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता याचा अर्थ काही जण दोघांनी एकमेकांशी बोलूच नये असा लावतात. व्यवहारकक्षात बसलेल्या माणसाला हे हास्यास्पद वाटते. कर भरण्याच्या अंतिम दिवशी बँकांमधला पैसा मध्यवर्ती बँकेतील सरकारी खात्यात जातो, बँकिंग व्यवस्थेतील रोकड एकाएकी आटते आणि रात्रीचा दर उसळी घेतो. पगार आणि निवृत्तिवेतने वाटली गेली की तोच पैसा परत येतो. सरकारी शिल्लक कधी किती असेल याचा अंदाज मध्यवर्ती बँकेला रोज मिळाला नाही, तर तिला स्वतःचा ठरवलेला दरसुद्धा टिकवता येत नाही. रोख्यांच्या लिलावांचे वेळापत्रक, कोणत्या मुदतीचे किती रोखे निघणार, मध्यवर्ती बँक स्वतःकडचे रोखे कधी विकणार, हे सर्व एकमेकांना कळलेच पाहिजे. स्वायत्तता दराच्या निर्णयापुरती असते. व्याजाचा खर्च वाढेल म्हणून दर वाढवू नका असे अर्थखात्याला सांगता येऊ नये, एवढाच तिचा गाभा आहे.

२००८ नंतर या सीमारेषेवर एक नवी गुंतागुंत आली, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही असे माझे मत आहे. दर शून्याजवळ आल्यावर मोठ्या मध्यवर्ती बँकांनी बाजारातून सरकारी रोखे प्रचंड प्रमाणात विकत घेतले. या खरेदीचा मोबदला म्हणून त्यांनी व्यापारी बँकांच्या राखीव खात्यांत पैसा जमा केला आणि त्या जमेवर त्या चालू धोरणदराने व्याज देतात. आता सरकार आणि मध्यवर्ती बँक यांचे हिशेब एकत्र मांडून पाहा. लोकांच्या हाती असलेला वीस वर्षांचा स्थिर दराचा रोखा सार्वजनिक क्षेत्राने परत घेतला आणि त्याऐवजी रात्रीच्या दराचे देणे अंगावर घेतले. ब्रिटनच्या कर्जाची सरासरी मुदत विकसित देशांत सर्वाधिक लांब म्हणून नावाजलेली होती; पण त्यातील सुमारे एक तृतीयांश रोखे बँक ऑफ इंग्लंडकडे गेल्यावर तेवढे कर्ज व्यवहारात बदलत्या दराचे झाले. दर कमी होते तोवर यातून फायदाच झाला, आणि २०२२ पर्यंत १२० अब्ज पौंडांहून अधिक रक्कम अर्थखात्याकडे गेली. बँकेचा दर डिसेंबर २०२१ मधील ०.१ टक्क्यावरून ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर गेल्यावर प्रवाह उलटा झाला, आणि आरंभी दिलेल्या हमीनुसार तोटा अर्थखात्याला, म्हणजे करदात्यांना, भरून द्यावा लागू लागला. खरेदी चूक होती असे मी म्हणत नाही, कारण त्या काळात ती न करण्याची किंमतही मोठी झाली असती. परंतु चलनविषयक निर्णय म्हणून जे झाले ते सार्वजनिक कर्जाच्या मुदतीविषयीचा फार मोठा निर्णयही होते, आणि त्या नजरेने त्याची चर्चा फारशी झाली नाही.

उलट बाजूचे उदाहरण तुर्कस्तानचे, जिथे चलनविषयक धोरणाच्या चुकीचा भुर्दंड तिजोरीवर पडला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२१ या काळात महागाई वाढत असतानाही धोरणदर १९ वरून १४ टक्क्यांवर आणण्यात आला. डॉलरचा भाव साडेआठ लिरांच्या आतून १८ लिरांपर्यंत गेला. लोकांनी लिरा सोडून डॉलर घेऊ नयेत म्हणून २० डिसेंबर रोजी सरकारने एक योजना जाहीर केली: लिरामध्ये ठेव ठेवा, चलन व्याजापेक्षा जास्त घसरले तर फरक आम्ही भरून देऊ. व्याजदर वाढवला असता तर जो खर्च कर्जदारांवर पडला असता, तो आता चलन जितके घसरेल तितका वाढणारा, मर्यादा नसलेला खर्च होऊन तिजोरीवर आणि मध्यवर्ती बँकेवर आला. महागाई तर थांबली नाहीच. अधिकृत आकड्यांप्रमाणे ऑक्टोबर २०२२ मध्ये ती ८५.५ टक्क्यांवर गेली. शेवटी दिशा बदलली आणि मार्च २०२४ मध्ये धोरणदर ५० टक्के झाला. स्वस्त कर्जाचा आग्रह धरून मिळालेले हे व्याज होते.

एका परिस्थितीत मात्र सरकारने खर्च वाढवणे मध्यवर्ती बँकेला हवेच असते. दर शून्याला टेकले, कुटुंबे आणि उद्योग कर्ज घेण्याऐवजी फेडण्याच्या मागे लागले, की आणखी स्वस्त पैशाला गिऱ्हाईक राहत नाही. जपानने हा काळ सर्वांत दीर्घ अनुभवला. एप्रिल १९९७ मध्ये उपभोग कर ३ वरून ५ टक्के करण्यात आला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोठ्या वित्तसंस्था कोसळल्या आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये बँक ऑफ जपानने दर शून्यावर आणला. तूट कमी करण्याचा हेतू चुकीचा नव्हता, वेळ चुकली. याउलट तांब्याचे भाव चढले असताना २००१ पासूनच्या नियमाप्रमाणे बचत करणाऱ्या चिली सरकारला २००९ च्या मंदीत कोणापुढे हात न पसरता खर्च वाढवता आला. ‘चांगल्या काळात बचत करा’ हा उपदेश सगळेच देतात. चिलीने तेजीतले उत्पन्न आणि कायमचे उत्पन्न वेगळे मोजण्याची व्यवस्था केली, आणि तेच कठीण काम असते.

ते किती कठीण असते, हे आयर्लंडने दाखवले, आणि इथून प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळता येते. २००७ मध्ये आयर्लंडचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांश होते आणि आदल्या वर्षी अंदाजपत्रकात आधिक्य होते. कोणत्याही राजकोषीय नियमाच्या कसोटीवर तो आदर्श विद्यार्थी ठरला असता. परंतु करांचा मोठा हिस्सा घरांच्या खरेदी-विक्रीतून आणि बांधकामातून येत होता, आणि ती तेजी चालत होती बँकांनी परदेशी ठोक बाजारातून, म्हणजे ठेवीदारांऐवजी मोठ्या वित्तसंस्थांकडून, उचललेल्या पैशावर. व्याजदर आयर्लंडच्या हातात नव्हता. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर जून २००३ पासून डिसेंबर २००५ पर्यंत २ टक्के होता. संपूर्ण युरो क्षेत्राला तो योग्य असेलही, आयर्लंडमध्ये मात्र महागाई वजा केल्यावर कर्ज जवळजवळ फुकट होते. सप्टेंबर २००८ च्या अखेरीस सरकारने मोठ्या बँकांच्या देण्यांना सरसकट हमी दिली. बँकांचा तोटा तिजोरीवर आला, २०१० ची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ३२ टक्के झाली आणि काही वर्षांतच कर्ज १२० टक्क्यांच्या घरात गेले. म्हणजे अंदाजपत्रकात न दिसणारे सर्वांत मोठे सरकारी देणे बँकांच्या ताळेबंदात दडलेले होते.

अशा तेजीला आवरायला व्याजदर हे बोथट साधन आहे. घरांच्या किमती थांबवण्याइतका दर वाढवला तर बाकीचे उद्योग आधी मोडतात. एका साधनाकडून दोन उद्दिष्टे साधून घ्यायची म्हटली की त्यातले एक हुकतेच, म्हणून संपूर्ण वित्तव्यवस्थेकडे पाहून घातलेली सावधगिरीची बंधने वेगळी लागतात: घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज द्यावे, कर्जदाराच्या उत्पन्नाच्या किती पट द्यावे, तेजीत बँकांनी किती जादा भांडवल बाजूला ठेवावे. हाँगकाँगचे चलन १९८३ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेले असल्याने त्यालाही स्वतःचा व्याजदर नाही. पण तिथे १९९१ पासून गृहकर्ज किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित होते. १९९७ ते २००३ या काळात घरांच्या किमती साठ टक्क्यांहून अधिक घसरल्या, तरी थकीत गृहकर्जांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आत राहिले. आयर्लंडने असे निर्बंध आणले ते २०१५ मध्ये, म्हणजे घर जळल्यावर विहीर खणून.

आता दुसऱ्या भागाचे थेट उत्तर. दरवाढ चालू असताना मध्यवर्ती बँकेने संकटात पैसा पुरवणे यात विसंगती असेलच असे नाही, कारण दर हा पैशाचा भाव आहे आणि संकटातील पुरवठा हा बाजार चालू ठेवण्यासाठीचा, ठरावीक मुदतीचा व्यवहार आहे. ब्रिटनमध्ये २३ सप्टेंबर २०२२ रोजी सरकारने ४५ अब्ज पौंडांच्या, पैशाची तजवीज न केलेल्या करकपातीची घोषणा केली. आदल्याच दिवशी बँक ऑफ इंग्लंडने दर २.२५ टक्क्यांवर नेला होता आणि ती स्वतःकडचे रोखे विकण्याच्या तयारीत होती. रोखे कोसळले. निवृत्तिवेतन निधींनी कर्जाच्या आधारे दीर्घ मुदतीच्या रोख्यांत मोठी जोखीम घेतलेली होती. भाव पडताच त्यांना जादा तारण भरावे लागले, त्यासाठी त्यांनी तेच रोखे विकले, आणि त्या विक्रीने भाव आणखी पडले. ३० वर्षांच्या रोख्याचा परतावा (रोख्याचा भाव पडला की तो चढतो) ५ टक्क्यांच्या वर गेल्यावर २८ सप्टेंबरला बँकेने रोखे खरेदी करण्याचे जाहीर केले, परंतु अंतिम तारीखही त्याच दिवशी सांगितली: १४ ऑक्टोबर. प्रत्यक्षात फक्त १९.३ अब्ज पौंडांची खरेदी झाली, ३ नोव्हेंबरला दर आणखी पाऊण टक्क्याने वाढवला गेला, आणि घेतलेले सगळे रोखे जानेवारी २०२३ पर्यंत विकूनही झाले. त्या तीन आठवड्यांत तारीख पुढे ढकलण्यासाठी आलेला दबाव बँकेने मानला असता, तर सरकारची तूट नोटांनी भरली जात आहे अशी बाजाराची समजूत झाली असती. करकपात मागे घेण्याचा निर्णय अर्थातच सरकारला घ्यावा लागला, कारण मूळ दुखणे तिथे होते.

यात एक भेद कायम ठेवावा लागतो. मालमत्ता चांगली आहे पण आज रोकड नाही, अशा संस्थेला पैसा देणे हे मध्यवर्ती बँकेचे काम आहे. चांगल्या तारणावर, पण जरा चढ्या दराने मोकळेपणी कर्ज द्यावे, हा ब्रिटिश अर्थलेखक वॉल्टर बॅजट यांचा एकोणिसाव्या शतकातील दंडक आजही तंतोतंत लागू पडतो. मालमत्तेपेक्षा देणी जास्त झाली असतील तर तो तोटा आहे, आणि तोटा कोणी सोसायचा हे ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या सरकारचा आहे. व्यवहारात ही रेषा धूसर असते हे मान्यच. जुलै २०१२ मध्ये स्पेनच्या दहा वर्षांच्या रोख्यांचा परतावा साडेसात टक्क्यांवर गेला, तेव्हा ते रोकडीचे संकट होते की दिवाळखोरीचे, हे मध्यवर्ती बँक काय करणार यावरच अवलंबून होते. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी युरो वाचवण्यासाठी लागेल ते करू असे २६ जुलैला सांगितले आणि सप्टेंबरमध्ये अडचणीतील देशांचे रोखे विकत घेण्याची योजना जाहीर झाली, तिला एक अट होती: त्या देशाने आधी युरोपीय मदतनिधीशी राजकोषीय कार्यक्रम ठरवलेला असला पाहिजे. या योजनेखाली आजवर एकही रोखा विकत घ्यावा लागलेला नाही.

अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये ही रेषा अधिकच पुसट झाली. सिलिकॉन व्हॅली बँकेने दर तळाला असताना दीर्घ मुदतीचे सरकारी आणि सरकारी पाठबळाचे रोखे घेतले होते. वर्षभरात धोरणदर शून्याजवळून साडेचार टक्क्यांच्या वर गेल्यावर त्या रोख्यांचे बाजारमूल्य घसरले, आणि ९ मार्च या एका दिवसात ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. कर्ज बुडीत जाण्याची जोखीम नसलेल्या रोख्यांनी बँक बुडाली, हे ध्यानात घ्यावे. १२ मार्चला जाहीर झालेल्या योजनेत बँकांना आपले रोखे बाजारभावाने नव्हे तर दर्शनी, म्हणजे रोख्यावर लिहिलेल्या मूळ, किमतीने तारण ठेवून वर्षभरासाठी कर्ज घेता येऊ लागले. संभाव्य तोट्यासाठी अर्थखात्याने २५ अब्ज डॉलरचे पाठबळ दिले, आणि दहा दिवसांनी फेडरल रिझर्व्हने दर पुन्हा पाव टक्क्याने वाढवला. इथवर दोन्ही धोरणांनी आपापले काम केले, असे म्हणता येईल, जरी दर्शनी किमतीने तारण घेण्यात अनुदानाचा अंश होता असे माझे मत आहे.

पुढे जे झाले त्याकडे या विषयात काम करणाऱ्यांचे लक्ष अधिक गेले. या योजनेचा दर बाजारातील एक वर्षाच्या दराशी बांधलेला होता. २०२३ च्या अखेरीस पुढील वर्षी दर उतरतील या अपेक्षेने तो बाजारदर खाली आला, आणि योजनेतून कर्ज घेऊन तोच पैसा फेडरल रिझर्व्हकडे राखीव खात्यात ठेवला तर जास्त व्याज मिळते, असे बँकांच्या ध्यानात आले. संकट केव्हाच ओसरले होते, तरी उचल वाढू लागली. २४ जानेवारी २०२४ रोजी फेडरल रिझर्व्हने नव्या कर्जाचा दर राखीव खात्यावरील व्याजापेक्षा कमी असणार नाही असे जाहीर केले, आणि ११ मार्चला नवे कर्ज देणे ठरल्याप्रमाणे थांबले.